नाझींच्या उडत्या तबकड्या: १९५० मध्ये जन्मलेली १९४५ ची गोष्ट

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने उडती तबकडी बनवली होती, असा दावा पसरू लागला तो मार्च १९५० मध्ये. तोवर युद्ध संपून जवळपास पाच वर्षं झाली होती. या गोष्टीचा खरेखोटेपणा तपासायचा तर आधी हा कालक्रम पाहावा.

तबकडी लोकांच्या डोक्यात शिरली ती १९४७ मध्ये. त्या वर्षी २४ जूनला अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, माउंट रेनियरजवळ, केनेथ अरनॉल्ड या वैमानिकाला नऊ चकाकत्या वस्तू दिसल्या. पाण्यावर भिरकावलेली बशी जशी टप्पे घेत जाते तशा त्या जात होत्या, असं त्याने सांगितलं. तो बोलत होता चालीबद्दल, वर्तमानपत्रांनी त्याचा आकार केला. काही आठवड्यांत अमेरिकाभर लोकांना तबकड्या दिसू लागल्या.

मग १९५० मध्ये जुझेप्पे बेलुत्सो पुढे आले. मुसोलिनीच्या मंत्रिमंडळात राहिलेले हे इटालियन टर्बाइनतज्ज्ञ म्हणाले की असल्या यंत्रांचे आराखडे इटली आणि जर्मनीत १९४२ पासूनच होते. त्याच महिन्यात रुडॉल्फ श्रीव्हर नावाच्या जर्मनाने ‘डेअर श्पीगल’ या जर्मन साप्ताहिकाला सांगितलं की त्याने प्रागमध्ये अशी तबकडी आखली होती, पण कागद चोरीला गेले. १९५३ मध्ये गेऑर्ग क्लाइन या जर्मन अभियंत्याने तर ती उडताना पाहिल्याचा दावा केला: १४ फेब्रुवारी १९४५, तीन मिनिटांत १२,४०० मीटर उंची, वेग ताशी २,२०० किलोमीटर. जर्मनीच्या मेसरश्मिट २६२ या जेटचा वेग होता ताशी सुमारे ८७०! युद्ध जिंकलेल्या दोस्त राष्ट्रांनी जर्मनीतून टनावारी कागदपत्रं नेली, शास्त्रज्ञ नेले. यातल्या एकाही दाव्याला आधार देणारा कागद पुढे आला नाही. १९४४ च्या अखेरीस ऱ्हाईनच्या आकाशात अमेरिकन वैमानिकांना गूढ दिवे दिसले होते, हे खरं. त्यांना ते ‘फू फायटर’ म्हणत. पण तबकड्यांच्या कथेत ते नंतर ओढले गेले.

लोकांनी विश्वास का ठेवला, हे समजण्यासारखं आहे. लंडनवर जर्मनीची व्ही-२ रॉकेटं पडली होती. जर्मनीतल्या हॉर्टन बंधूंचं शेपटी नसलेलं, नुसत्या पंखाचं जेट खरोखर उडालं होतं. ‘पेपरक्लिप’ मोहिमेत अमेरिकेने दीड हजारांहून अधिक जर्मन तज्ज्ञ आणले होते. कॅनडात ॲव्हरो कंपनीने अमेरिकी लष्करासाठी खरीखुरी तबकडीसुद्धा बनवली. तिचं नाव ॲव्हरोकार. जमिनीपासून मीटरभर वर गेली की ती डगमगायची. १९६१ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला.

मला खटकतं ते या ‘अद्भुत तंत्रज्ञाना’च्या कथेत जे सांगितलंच जात नाही ते. व्ही-२ रॉकेटं मिटेलबाउ-डोरा छळछावणीच्या कैद्यांनी डोंगराखालच्या बोगद्यांत जोडली. सुमारे ६०,००० माणसं तिथे आणली गेली. त्यांपैकी अंदाजे २०,००० उपासमारीने, रोगाने, मारहाणीने, फाशीने मेली. तबकड्यांच्या चित्रांत ही माणसं कुठेच नसतात, आणि प्रतिभावान जर्मन अभियंता तेवढा उरतो.

काहींना नेमकं तेच हवं होतं. १९७० च्या दशकात टोरोंटोत राहणारा एर्न्स्ट त्सुंडेल नाझी तबकड्या आणि अंटार्क्टिकातल्या गुप्त तळांवर पुस्तकं विकत असे. ज्यूंचा नरसंहार झालाच नाही, हा त्याचा खरा प्रचार. तबकड्या हे लोकांचं लक्ष वेधण्याचं साधन होतं, असं त्याने पुढे स्वतःच मान्य केलं. कॅनडाने त्याला २००५ मध्ये जर्मनीत पाठवलं आणि २००७ मध्ये मानहाइमच्या न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली.

गोष्ट मात्र थांबली नाही. पुढच्या दशकांत ‘हाउनेबू’ नावाची तबकडी आराखड्यांसकट रंगवली गेली, अंगावर जर्मन क्रॉससुद्धा. २०१८ मध्ये रेव्हेल या जर्मन कंपनीने तिचं जोडणीचं मॉडेल बाजारात आणलं. ती खरोखर अस्तित्वात होती अशी समजूत व्हावी, असा खोक्यावरचा मजकूर होता. ड्रेस्डेनच्या लष्करी इतिहास संग्रहालयाने आणि बालसंरक्षण संघटनेने हरकत घेतल्यावर कंपनीने ते मागे घेतलं.