घरघर नेमकी कुठली? ‘बाळदमा’ या नावामागची पार्श्वभूमी

‘रात्री घरघर करतो’ एवढ्याच तक्रारीवर मुंबईत एका मुलाला दम्याचा पंप सुरू होतो, दुसऱ्याला सिरप मिळतं आणि तिसऱ्याला अॅडिनॉइड, म्हणजे नाकामागची गाठ, दाखवायला पाठवतात. घोटाळा शब्दापासूनच सुरू होतो. घशात कफ खुळखुळला तरी आपण घरघर म्हणतो, नाक चोंदून घोरलं तरी घरघर, आणि श्वास सोडताना छातीतून बारीक शीळ आली तरी घरघरच. डॉक्टरांची ‘व्हीझ’ म्हणजे फक्त ही शेवटची. गफलत मराठीपुरती नाही. 2000 साली लंडनमध्ये केलेल्या एका अभ्यासात पालकांची व्हीझ आणि तपासणाऱ्या डॉक्टरांची व्हीझ निम्म्या वेळाही जुळली नव्हती.

जुन्या काळात साल्बुटामॉल आणि थिओफिलिन या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधांची सिरपं चालायची. दोन्हींनी मूल किरकिरं व्हायचं, झोप उडायची. ती दुखण्यामुळे उडाली की औषधामुळे, हे कुणी फारसं विचारत नसे. ‘दमा’ शब्द घरात नको असायचा, म्हणून केसपेपरवर ‘अॅलर्जिक ब्राँकायटिस’ आणि बोलण्यात ‘बाळदमा’. सहाव्या वर्षी जातो, हा दिलासा त्याच्या सोबतचा. तो अगदीच पोकळ नव्हता. अमेरिकेत जन्मापासून पाहिलेल्या मुलांचे निष्कर्ष 1995 साली आले: तीन वर्षांच्या आत साधारण एकतृतीयांश मुलांची छाती कधीतरी वाजली होती आणि त्यांतल्या सुमारे 60 टक्क्यांची सहाव्या वर्षी वाजत नव्हती. उरलेल्या 40 टक्क्यांना मात्र हा दिलासा महागात पडला.

खरा वाद 2008 चा. युरोपातल्या तज्ज्ञांच्या गटाने दोन कप्पे केले: फक्त सर्दीबरोबर वाजणारी छाती, आणि सर्दीशिवाय धूळ, धूर, धावपळ, हसणं यांनीही वाजणारी. दुसऱ्या कप्प्याला रोजचा स्टिरॉइडचा पंप, पहिल्याला तो शक्यतो नाही. कागदावर सुटसुटीत, पण वर्षभरात मुलं या कप्प्यातून त्या कप्प्यात जाऊ लागली आणि 2014 मध्ये त्याच गटाला ही विभागणी सैल करावी लागली. मुंबईच्या पावसाळ्यात तर ती टिकणं कठीणच: भिंतीला ओल, डासांमुळे खिडक्या बंद, उशाशी रात्रभर कॉइल आणि वर बालवाडीतून आलेली सर्दी. यातल्या कशाने छाती वाजली, ते कसं ठरवायचं?

पंप ‘लागू पडला नाही’ असं ठरवण्याआधी स्पेसर, म्हणजे पंप आणि मास्क यांच्यामधली पोकळ नळी, पाहावा. नवा प्लास्टिकचा स्पेसर पुसून वापरला तर स्थिर विजेमुळे औषध आत भिंतीलाच चिकटतं. भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवून, न पुसता वाळवायचा. मास्क नाकातोंडावर घट्ट, एका वेळी एकच पफ, मग पाच-सहा श्वास. दुसऱ्या पफआधी पंप पुन्हा हलवायचा.

दरम्यान मॉन्टेलुकास्ट हे दम्यावरचं तोंडाने घ्यायचं औषध आलं: रात्री एकदा, गोड, पंपाची कटकट नाही. आपल्याकडे ते लिव्होसेट्रिझिन या अॅलर्जीच्या औषधाबरोबर एकाच बाटलीत सर्रास दिलं गेलं, साध्या नाकगळतीलाही. मार्च 2020 मध्ये अमेरिकी औषध नियामकाने त्याला सर्वांत कडक इशारा जोडला; वाईट स्वप्नं, झोपेतून दचकून उठणं, आक्रमकपणा यांची नोंद त्यात आहे. रात्र शांत जावी म्हणून दिलेलं औषधच रात्र बिघडवू शकतं, हे पालकांना बाटली देतानाच सांगायला हवं.

या सगळ्यात घोरणं मागे राहिलं. घोरण्यामागे अनेकदा अॅडिनॉइड असतं; ते मोठं असण्याचं वय दोन ते सहा, छाती वाजण्याचंही तेच. स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेतल्या श्वासाच्या तपासणीत, मोठ्यांना तासाला पाचपर्यंत श्वासाचे अडथळे चालतात, मुलांत एकाहून जास्त झाला तरी तो दोष. तरी अॅडिनॉइड काढण्याच्या ऑपरेशनची घाई नको: 2013 च्या अमेरिकी चाचणीत ऑपरेशन न करता नुसतं थांबलेल्या मुलांपैकी 46 टक्क्यांची स्लीप स्टडी सात महिन्यांत सुधारली होती. ती मुलं मात्र पाच ते नऊ वर्षांची होती.

2025 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात पाच वर्षांच्या आतही ‘दमा’ म्हणायची मुभा आहे, निकष तीन: छाती पुन्हा पुन्हा वाजणं, दुसरं कारण न सापडणं, औषधाने फरक पडणं. दुसऱ्या निकषासाठी घोरणं तपासावंच लागतं. त्यासाठी मूल गाढ झोपलेलं असताना, सदरा वर करून, पंखा बंद ठेवून, एक मिनिटाचा व्हिडिओ काढावा. चेहरा आणि पोट दोन्ही दिसायला हवेत. शीळ श्वास सोडताना आहे, की घोरणं श्वास घेताना, हे त्यात ऐकू येतं. मध्येच आवाज थांबून पोट तेवढं हलत राहिलं, तर तेही दिसतं. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, पोट उडत असेल किंवा वर्षापुढच्या मुलाचे श्वास मिनिटाला 40 च्या वर असतील, तर व्हिडिओ काढत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.