सरळ-सहा इंजिन (जुन्या अमेरिकी पिकअप ट्रकांतील)

सहा सिलिंडर एका रांगेत आणि त्यांचे सहाही पिस्टन एकाच क्रँकशाफ्टला (वर-खाली धावेचे फिरण्यात रूपांतर करणाऱ्या दांड्याला) जोडलेले, अशा इंजिनाला सरळ-सहा किंवा इनलाइन-सिक्स म्हणतात. मोटारी, बस, बोटी, ट्रॅक्टर अशा अनेक ठिकाणी ही रचना वापरली गेली. पण विसाव्या शतकातील अमेरिकी पिकअप ट्रकात ती जितकी मुरली, तितकी क्वचितच दुसरीकडे मुरली असेल. १९२९ पासून १९९६ पर्यंत शेव्हरोले, फोर्ड, डॉज आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या पिकअपमध्ये बहुतेक वर्षे मूळ किमतीत मिळणारे इंजिन हेच असे. व्ही-८ (आठ सिलिंडर व्ही अक्षरासारख्या दोन रांगांत) हवे तर गिऱ्हाइकाला वरचे पैसे मोजावे लागत. शेतकरी आणि ताफ्याने गाड्या घेणाऱ्या कंपन्या सरळ-सहा घेत, कारण ते स्वस्त पडे. पुढे या ट्रकांनी एकेका घरात दोन-दोन पिढ्या काम केले आणि या स्वस्तातल्या इंजिनाविषयी जिव्हाळा निर्माण झाला. आज जुने पिकअप जपणाऱ्यांत मूळचे सरळ-सहा असलेलाच ट्रक शोधणारे पुष्कळ भेटतात.

समतोल : या इंजिनाचा पहिला गुण म्हणजे ते थरथरत नाही. कारण समजून घेण्यासारखे आहे. पिस्टन वर-खाली धावतो, पण कनेक्टिंग रॉडच्या तिरकसपणामुळे फेरीच्या वरच्या अर्ध्यात त्याचा वेग खालच्या अर्ध्यापेक्षा जास्त असतो. त्यामुळे चार सिलिंडरांच्या इंजिनात दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येत असले, तरी त्यांचे धक्के एकमेकांना पूर्ण फेडत नाहीत. थोडा हिशेब बाकी राहतो आणि तो दर फेरीला दोनदा गाडीच्या सांगाड्यात उतरतो. सरळ-सहामध्ये पिस्टनांच्या तीन जोड्या असतात (पहिला-सहावा, दुसरा-पाचवा, तिसरा-चौथा) आणि त्या १२० अंशांच्या अंतराने फिरतात. एकाच कडीला तीन बैल तीन दिशांनी सारख्या जोराने ओढू लागले तर कडी जागची हलत नाही. तसेच इथे होते. ही बेरीज मुख्य धक्क्यांची शून्य येते आणि रॉडच्या तिरकसपणातून आलेल्या दुय्यम धक्क्यांचीही शून्य येते. शिवाय पुढचे तीन सिलिंडर आणि मागचे तीन सिलिंडर मधोमध आरसा धरल्यासारखे असल्यामुळे इंजिन पुढे-मागे डोलत नाही. व्ही-६ इंजिनाला हेच साधायला अनेकदा वेगळा समतोल-दांडा लागतो.

दर १२० अंशांनी एक सिलिंडर पेटतो, म्हणजे एकाचा रेटा संपण्याआधीच दुसऱ्याचा सुरू झालेला असतो. पेटण्याचा नेहमीचा क्रम १-५-३-६-२-४. ट्रकच्या बाबतीत हा गुळगुळीतपणा ऐषारामापुरता राहत नाही. कमी हादरे म्हणजे बेअरिंग, माउंटिंग, गिअरबॉक्स आणि क्लच यांच्यावर कमी मार. इंजिनाचे काम निघायला त्यामुळे उशीर लागतो.

ओढ : सरळ-सहा कमी फेऱ्यांना जोर देते, असे सर्रास सांगितले जाते. ते अनुभवाला खरे असले तरी त्याचे श्रेय सिलिंडरांच्या रांगेला देणे चूक आहे. रांगेत उभे राहिल्याने टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढत नाही. जुन्या ट्रकांतल्या या इंजिनांचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मुद्दाम सौम्य ठेवलेला असे, व्हॉल्व्ह लहान असत आणि फ्लायव्हील जड असे. म्हणून मिनिटाला १,००० ते २,००० फेऱ्यांत ती सर्वांत समाधानी असत आणि ४,००० च्या पुढे दम टाकत. सोबत चार गिअरांचा खोका असला, तर पहिला गिअर इतका जड असे की भरलेला हौदा घेऊन चिखलातून निघताना अॅक्सिलरेटरला पाय लावावा लागत नसे. क्लच सोडला की ट्रक माणसाच्या चालीने पुढे सरके. रिकाम्या रस्त्यावर हाच गिअर निरुपयोगी असतो आणि चालक दुसऱ्यापासूनच सुरुवात करतो.

इतिहास : शेव्हरोलेने १९२९ च्या मॉडेलसाठी १९४ घनइंची (सुमारे ३.२ लिटर) सरळ-सहा बाजारात आणले. व्हॉल्व्ह डोक्यावर, धातू बिडाचा. फोर्डचे मॉडेल ए तेव्हा चार सिलिंडरांवर चालत होते, म्हणून ‘चारच्या किमतीत सहा’ ही जाहिरात शेव्हरोलेला फळली. इंजिनावरचे खाचेच्या डोक्याचे बोल्ट घरातल्या शेगडीच्या बोल्टांसारखे दिसत, त्यावरून त्याला ‘स्टोव्हबोल्ट’ हे टोपणनाव पडले आणि ते पुढच्या पिढ्यांनाही चिकटले. १९३७ मध्ये २१६ घनइंची आणि १९४१ मध्ये ट्रकसाठी २३५ घनइंची इंजिन आले. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना तेल मिळे ते चमच्यासारख्या टोकांनी उडवलेले; पूर्ण दाबाचे वंगण १९५३-५४ मध्ये आले. म्हणून १९५४ च्या आधीचे इंजिन हमरस्त्यावर दामटू नये, हा जाणकारांचा सल्ला आजही पाळण्याजोगा आहे. १९४७ ते १९५५ मधले गोलसर बॉनेटचे शेव्हरोले पिकअप फक्त सरळ-सहावरच विकले गेले. याच २३५ चे सुधारलेले रूप तीन कार्बोरेटरांसह १९५३ च्या पहिल्या कॉर्व्हेट स्पोर्ट्स गाडीत बसवले होते, हे ट्रकवाले अभिमानाने सांगतात आणि त्यांनी सांगावेच.

१९६२-६३ मध्ये शेव्हरोलेने सात मुख्य बेअरिंगांची नवी मालिका काढली. आधीच्या २१६ आणि २३५ मध्ये ती चारच होती. सात बेअरिंग म्हणजे क्रँकशाफ्टच्या प्रत्येक कोपराला दोन्ही बाजूंनी आधार. या मालिकेतले २९२ घनइंची इंजिन (४.८ लिटर) खास ट्रकसाठी होते आणि १९९० पर्यंत बनत राहिले.

क्रायस्लरचे ‘स्लँट-सिक्स’ १९६० चे. बॉनेट बुटके ठेवता यावे म्हणून सिलिंडरांची रांग ३० अंश कलती केलेली. डॉज पिकअपमध्ये त्याचे २२५ घनइंची रूप १९८७ पर्यंत मिळत असे. त्याला मुख्य बेअरिंग चारच होती आणि तरीही त्याची चिवटाई प्रसिद्ध आहे. केवळ बेअरिंग मोजून इंजिनाची परीक्षा करू नये याचा हा चांगला दाखला. जीपचे ४ लिटरचे सरळ-सहा (१९८७ ते २००६) बहुतेकांना चेरोकीमुळे माहीत असते, पण जीपच्याच ‘कमँची’ या छोट्या पिकअपमध्येही ते होते.

फोर्ड ३०० : या सर्वांत ज्याच्याबद्दल सर्वाधिक आदराने बोलले जाते ते फोर्डचे ३०० घनइंची, म्हणजे ४.९ लिटरचे इंजिन. १९६५ च्या मॉडेलपासून १९९६ पर्यंत, एकतीस वर्षे, ते फोर्डच्या एफ मालिकेत राहिले. सिलिंडरचा व्यास ४ इंच, पिस्टनची धाव ३.९८ इंच. ब्लॉक बिडाचा, हेड बिडाचे, मुख्य बेअरिंग सात. कॅमशाफ्ट साखळीऐवजी थेट गिअरने फिरतो, त्यामुळे टायमिंगची साखळी सैल होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. १९८७ मध्ये कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. शेवटच्या वर्षांत त्याची ताकद ३,४०० फेऱ्यांना सुमारे १५० अश्वशक्ती होती. हा आकडा आजच्या वाचकाला किरकोळ वाटेल. पण टॉर्क सुमारे ३५० न्यूटन-मीटर होता आणि तो २,००० फेऱ्यांनाच मिळे. त्याच काळातल्या फोर्डच्या ५ लिटर व्ही-८ चा टॉर्क याहून थोडासाच जास्त होता आणि त्यासाठी इंजिन अधिक पळवावे लागे. ओझे ओढणाऱ्याला कोणते सोयीचे, हे सांगायला नको.

पार्सल कंपनी यूपीएसच्या तपकिरी गाड्यांत हे इंजिन मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. दिवसभर चालू-बंद, चालू-बंद, दर घरासमोर थांबा. इंजिनाला याहून वाईट दिनक्रम नसेल. शेतातले पाण्याचे पंप, जनरेटर, लाकडाचा भुगा करणारी यंत्रे, विमानतळावर सामान ओढणारे ट्रॅक्टर यांतही हेच इंजिन होते. एका ठरावीक वेगाने तासन्‌तास चालणे त्याच्या प्रकृतीला मानवते.

दुरुस्ती : सरळ-सहाची ओढ ज्याला लागते त्याला ती बहुधा बॉनेट उघडल्यावर लागते. १९६० आणि ७० च्या दशकातल्या पूर्ण आकाराच्या पिकअपचा इंजिनाचा कप्पा व्ही-८ मावेल इतका रुंद केलेला असे. त्यात अरुंद सरळ-सहा बसवले की दोन्ही बाजूंना मोकळी जागा उरते. काही मेकॅनिक तर आत पाय टाकून, बंपरच्या मागे उभे राहून काम करतात. सहाही स्पार्क प्लग एका रांगेत हाताशी. हेड एक, हेड गॅस्केट एक, टॅपेट कव्हर एक. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड (हवा आत नेणारा आणि धूर बाहेर काढणारा नळ्यांचा जुडगा) बहुधा एकाच बाजूला, म्हणून दुसरी बाजू डिस्ट्रिब्युटर आणि तेलाच्या फिल्टरसाठी मोकळी. टॅपेट सेटिंग, पॉइंट बदलणे, कार्बोरेटर खोलून साफ करणे ही कामे घरच्या अंगणात, साध्या पान्यांवर होतात. संपूर्ण इंजिन एका माणसाच्या डोक्यात मावते, आणि ही गोष्ट मला समतोलाच्या गणितापेक्षाही मोलाची वाटते. बाप-लेकांनी मिळून पहिल्यांदा उघडलेले इंजिन अमेरिकेतल्या कित्येक खेड्यांत हेच असणार.

उणिवा : मधोमध एकच कार्बोरेटर असल्याने इंधन सगळ्या सिलिंडरांना सारखे पोचत नाही, मधल्या दोघांना जास्त आणि टोकाच्यांना कमी. प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर हा दोष महागात पडला. दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला असल्याने हवा आत येते त्याच अंगाने धूर बाहेर पडतो आणि इंजिनाचा श्वास आखूड राहतो. लांब एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तापून-निवून तडकतो, टोकाचे बोल्ट तुटतात. क्रँकशाफ्ट लांब असल्यामुळे त्याला पीळ बसून कंप सुटतो, म्हणून पुढच्या टोकाला डँपर लावावा लागतो. सर्वांत मोठी अडचण खुद्द लांबीची. व्ही-६ आखूड, मोटारींत आडवेही बसते आणि अनेकदा व्ही-८ च्याच यंत्रसामग्रीवर बनवता येते. शेव्हरोलेच्या पिकअपमध्ये १९८५ साली ४.३ लिटरचे व्ही-६ आले. फोर्डच्या १९९७ च्या नव्या एफ-१५० मध्ये ३०० ची जागा ४.२ लिटरच्या व्ही-६ ने घेतली.

डिझेल शाखा आणि महाराष्ट्र : पेट्रोलवरचे सरळ-सहा मागे पडत असतानाच १९८९ मध्ये डॉजने आपल्या मोठ्या पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरी टर्बो डिझेल बसवले. ताकद १६० अश्वशक्ती, टॉर्क मात्र ५४० न्यूटन-मीटरच्या घरात. मध्यम ट्रक आणि शेतीयंत्रांसाठी घडवलेले हे इंजिन पिकअपच्या मानाने अवजड होते, आणि तेच त्याचे आकर्षण ठरले. याच ‘बी’ घराण्याची इंजिने टाटा कमिन्स ही कंपनी जमशेदपूर येथे आणि पुढे सातारा जिल्ह्यातील फलटण येथे बनवू लागली.

मराठी मुलखाशी या रचनेचा संबंध त्याहून जुना आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. एसटीच्या सुरुवातीच्या ताफ्यात शेव्हरोले आणि बेडफर्डच्या गाड्या होत्या, आणि त्या काळच्या बेडफर्डचे साडेतीन लिटरचे पेट्रोल इंजिन सरळ-सहाच होते. टाटांच्या ट्रकमधले ‘६९७’ हे डिझेल तर घाटातल्या प्रत्येक गॅरेजला पाठ असते. त्याच्या नावातच त्याची कुंडली आहे : सिलिंडर ६, व्यास ९७ मिलिमीटर. पेट्रोल पिकअपची हौस मात्र आपल्याकडे रुजली नाही, कारण तसे पिकअपच इथे फारसे नव्हते.

आवाज : मूळ सायलेन्सरमधून सरळ-सहा सपाट, दबक्या सुरात गुणगुणते. हौशी लोक एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मधून दुभागून पुढच्या तिघांना एक आणि मागच्या तिघांना दुसरी नळी देतात. १-५-३-६-२-४ हा क्रम पाहिला तर पुढचा एक, मागचा एक असे सिलिंडर आळीपाळीने पेटतात. म्हणून दोन्ही नळ्यांत ठोके सारख्या अंतराने येतात आणि गिअर उतरवताना भरदार, फाटल्यासारखा आवाज उठतो. व्ही-८ च्या गडगडाटाशी तो जराही जुळत नाही.

जुना ट्रक घेताना : इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. एक्झॉस्टच्या बाजूने टकटक येत असेल आणि इंजिन तापल्यावर ती कमी होत असेल, तर मॅनिफोल्ड तडकलेला किंवा सुटलेला असण्याचा संभव जास्त. सहाही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजावे. आकडा किती यापेक्षा सहाही आकडे जवळजवळ आहेत का, हे महत्त्वाचे. फोर्ड ३०० मध्ये कॅमशाफ्टचा गिअर अनेकदा आवाज कमी व्हावा म्हणून फायबरचा असे; वयोमानाने त्याचे दाते झडतात आणि तुकडे तेलाच्या तळपात्रात जातात. इंजिन एकदा उघडलेच असेल तर त्या जागी धातूचा गिअर बसवून घेतात. त्यानंतर पुढून बारीक शीळ ऐकू येऊ लागते, ती गिअरच्या दात्यांची असते.