फ्लॅट बघायला निघण्याआधी घरात बसून ठरवा
(पुण्यात घर घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

“बाणेरला टूबीएचके केवढ्याला पडेल?” बहुतेक कुटुंबं हाच प्रश्न घेऊन आमच्याकडे येतात. आम्ही आधी विचारतो, सकाळी घरातून कोण, कुठे, किती वाजता निघतं? नवऱ्याचं ऑफिस हिंजवडीत, बायकोचं खराडीत आणि मुलांची शाळा कोथरूडला असेल, तर बाणेर हे उत्तर आहे की नाही, हेच आधी बघावं लागतं.

घरातल्या प्रत्येकाने आपापल्या गरजा वेगळ्या कागदावर लिहाव्यात आणि मग एकत्र बसून वाचाव्यात. आई-बाबा “आमचं काय, कुठंही चालेल” म्हणतील. तरी त्यांना लिहायला लावाच. दिवसभर त्या घरात तेच असतात; लिफ्ट, जवळचा दवाखाना, संध्याकाळी चालायला जागा यांचं मोल त्यांनाच जास्त.

यादी करताना एक कसोटी लावा: ही गोष्ट नंतर बदलता येईल का? टाइल्स, ओटा, रंग, कपाटं सगळं बदलता येतं. पाणी, उजेड, पार्किंग, कामाच्या ठिकाणापासूनचं अंतर बदलता येत नाही. सॅम्पल फ्लॅटमध्ये मन नेमकं पहिल्या गोष्टींवर जातं, म्हणून यादी आधी हवी. पाण्याबद्दल एप्रिल-मेमध्ये टँकर किती येतात आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय का, हे तिथल्या रहिवाशांनाच विचारा.

खोल्यांच्या संख्येपेक्षा कार्पेट एरिया, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा पाहा. रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. दोन टूबीएचकेंची तुलना याच आकड्यावर करा.

आता बजेट. 80 लाखांचा रीसेल फ्लॅट धरा. 30 ते 75 लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे इथे फार तर 64 लाख. उरलेले 16 लाख तुमचे. शिवाय 80 लाखांवर 7 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे 5 लाख 60 हजार, आणि नोंदणीचे 30 हजार. हा खर्च कर्जात धरला जात नाही. म्हणजे हातात जवळपास 22 लाख हवेत, आणि दुरुस्ती व फर्निचर अजून बाकीच आहे. घर फक्त स्त्रीच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. यावर घरात जरूर बोला. याच किमतीचं बांधकाम चालू असलेलं घर घेतलं तर 5 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 4 लाख. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला तयार असल्याचा दाखला) मिळाल्यानंतर बिल्डरकडून घेतलेल्या घरावर जीएसटी नाही. भाडं आणि हप्ता दोन्ही एकदम झेपणार नसतील, तर तयार घरच बघा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

नवा प्रकल्प आवडलाच, तर महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या संकेतस्थळावर त्याचा नोंदणी क्रमांक टाकून पझेशनची तारीख तपासा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

भेटीला येताना गरजा लिहिलेले तुमचे कागद, पगाराच्या स्लिपा आणि चालू हप्त्यांचा तपशील आणा. शक्य असेल तर आई-बाबांनाही घेऊन या.