कांदा हुंगवून थांबलेले हृदय सुरू होत नाही
मैदानावर धावताना मूल कोसळून झटके देऊ लागले, की ‘फिट आली, कांदा हुंगवा’ अशी धावपळ मराठवाड्यातल्या शाळांत आजही होते. लहान वयात हृदय बंद पडत नाही, हा तिच्यामागचा समज मात्र चुकीचा आहे. हृदयाचा स्नायू जाड होणे किंवा त्याच्या विद्युतसंदेशांतील जन्मजात दोष यांमुळे धडधाकट दिसणाऱ्या मुलाचेही हृदय अचानक थांबू शकते, आणि मेंदूला रक्त न मिळाल्याने सुरुवातीला झटके येऊ शकतात. मूल प्रतिसाद देत नसेल आणि श्वास बंद असेल किंवा नुसतेच आचके असतील, तर १०८ ला कळवून छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब मदत येईपर्यंत देत राहावे. (कांदा भाकरीसोबतच बरा.) धावताना पूर्वी आलेली भोवळ किंवा घरात तरुणपणी झालेला आकस्मिक मृत्यू या गोष्टी पालकांनी शाळेतील आरोग्य तपासणीच्या पथकाला आपणहून सांगाव्यात.