जमिनीचं धुरीकरण

पीक लावायच्या आधी जमिनीत विषारी गॅस सोडून रोगाची बुरशी, निमॅटोड म्हणजे सूत्रकृमी आणि तणाचं बी मारायची पद्धत म्हणजे धुरीकरण, सॉइल फ्युमिगेशन. नावात धुरी असली तरी धूर नसतो, औषध द्रव किंवा दाणेदार असतं आणि त्याचा मातीतच वायू होऊन तो पोकळ्यांमधून पसरतो. म्हणून जमीन भुसभुशीत आणि वाफशावर हवी, ढेकळं राहिली तर गॅस वरच्या वर उडून जातो, चिखल असला तर पसरतच नाही, शिवाय ओलीने फुगलेलं तणाचं बी लवकर मरतं. वरून प्लास्टिक अंथरतात.

हे सगळ्यात जास्त गाजलं ते कॅलिफोर्नियाच्या स्ट्रॉबेरीत. तिथे व्हर्टिसिलियम नावाच्या मातीतल्या बुरशीच्या मर रोगाने मळेच्या मळे बसायचे, मग 1950-60 च्या काळात स्टीफन विल्हेल्म आणि सहकाऱ्यांनी मिथाइल ब्रोमाइड आणि क्लोरोपिक्रिन मिसळून वापरलं आणि त्याच रानात परत परत स्ट्रॉबेरी घेता यायला लागली. क्लोरोपिक्रिन हा पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडलेला गॅस, डोळ्यांची आग आग करतो. मिथाइल ब्रोमाइडला वास जवळपास नसतोच, त्यामुळे गळती कळावी म्हणूनही त्यात थोडं क्लोरोपिक्रिन घालायचे.

पण मिथाइल ब्रोमाइड ओझोनचा थर खातं. 1992 ला ते मॉन्ट्रियल करारात आलं, शेतीतला वापर श्रीमंत देशांनी 2005 आणि बाकीच्यांनी 2015 पर्यंत थांबवायचा ठरला, सवलती मागत मागत अमेरिकेतल्या स्ट्रॉबेरीत मात्र ते 2016 पर्यंत चाललं. पर्याय म्हणून आणलेल्या मिथाइल आयोडाइडला मजुरांच्या तब्येतीवरून इतका विरोध झाला की 2012 मध्ये कंपनीनेच ते अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतलं. मला तरी हा विरोध अगदी रास्त वाटतो, गॅस सोडणारा आणि शेजारच्या वस्तीतला माणूस एकाच हवेत श्वास घेतात.

मेटाम सोडियम हे धुरीकरणाचं आणखी एक औषध अजून वापरात आहे. त्यातून सुटणारा एमआयटीसी (मिथाइल आयसोथायोसायनेट) म्हणजे भोपाळच्या मिक (मिथाइल आयसोसायनेट) वायूचा भाऊच, फक्त ऑक्सिजनच्या जागी गंधक. 1991 मध्ये कॅलिफोर्नियात रेल्वेचा टँकर घसरून सुमारे 72 हजार लिटर मेटाम सॅक्रामेंटो नदीत गेलं आणि कित्येक किलोमीटर मासे शिल्लक राहिले नाहीत. गंमत म्हणजे मोहरीचा झणकाही याच घराण्यातल्या रसायनाचा, म्हणून मोहरीवर्गीय पीक फुलोऱ्यात चिरडून मातीत गाडायची बायोफ्युमिगेशन पद्धत निघाली.

आपल्याकडे सोपं पडतं ते ऊन. एप्रिल-मेमध्ये रोपवाटिकेचे वाफे भिजवून पारदर्शक प्लास्टिकने चार ते सहा आठवडे झाकायचे, कडा मातीने गच्च दाबायच्या, याला सोलरायझेशन म्हणतात आणि 1976 मध्ये इस्रायलच्या काटान यांच्या कामाने ते जगभर पोचलं. खोलवरचे निमॅटोड याने पूर्ण जात नाहीत, पण वरच्या थरातलं तण आणि बुरशी बऱ्यापैकी कमी होते.

गॅस वापरला असेल तर लागवडीची घाई नको. बरणीत त्या रानातली माती भरून ओल्या कापसावर अळीव ठेवायचे, झाकण घट्ट लावायचं, दुसऱ्या बरणीत साधी माती. दोन्हीकडे सारखे उगवले तर लावा, नाहीतर माती परत हलवून अजून काही दिवस थांबायचं.