‘समोरच्याचा ट्रिगर आठवून दिला नाही तर चीटिंग’: हे खरं नाही

मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळाच्या स्पर्धांत हा गैरसमज वर्षानुवर्षं फिरतो आहे. ट्रिगर म्हणजे ठरावीक गोष्ट घडली की आपोआप लागू होणारी कार्डाची क्षमता. कॉम्पिटिटिव्ह, म्हणजे कडक नियमांच्या पातळीवर प्रतिस्पर्ध्याच्या कार्डांचे ट्रिगर लक्षात ठेवणं तुमचं काम नाही. सांगितलं तर चालतं, गप्प राहिलात तरी चालतं. चीटिंग ठरतं ते स्वतःचा ट्रिगर जाणूनबुजून गाळणं.

पण गप्प राहणं वेगळं आणि घाई करून ट्रिगर चुकवायला लावणं वेगळं. प्रतिस्पर्ध्याला बोलायची संधी न देता तुम्हीच खेळ पुढे रेटला, तर त्याचा ट्रिगर चुकला असं धरत नाहीत. हे फार थोडे खेळाडू लक्षात घेतात.

ट्रिगर ‘चुकला’ कधी? टार्गेट (कोणावर परिणाम करायचा ते) निवडावं लागत असेल, तर प्रायॉरिटी, म्हणजे काही करण्याची आपली संधी, सोडण्याआधी ते सांगावं लागतं. लाइफ (खेळाडूचे जीवन-गुण) किंवा काउंटर (कार्डावरच्या खुणा) बदलणारा ट्रिगर, तो पार पडल्यावरच करता येईल अशी पुढची चाल करण्याआधी बोलून दाखवावा लागतो. एकट्याने हल्ला करणाऱ्या प्राण्याला बळ देणाऱ्या ‘एक्झॉल्टेड’ क्षमतेचं मात्र निराळं: अशा २/२ (ताकद दोन, टिकाव दोन) प्राण्याला +१/+१ मिळालं हे आधी सांगितलं नाही, तरी डॅमेजच्या वेळी ‘तीन’ म्हटलं की पुरे. तोवर पटावर काही दिसतच नाही.

चुकलाच, तर जजला बोलवा. साधारण एका टर्नच्या आत लक्षात आलं असेल, तर तो स्टॅकवर (परिणाम व्हायची वाट पाहणाऱ्या चालींच्या रांगेत) टाकायचा की नाही हे प्रतिस्पर्धी ठरवतो. वॉर्निंग फक्त तेव्हाच मिळते, जेव्हा तो ट्रिगर सहसा स्वतःच्याच मालकाला तोट्याचा असतो.

दुकानातल्या साध्या, रेग्युलर पातळीच्या खेळात चुकलेल्या ट्रिगरचा हा उपाय लागू नाही. तिथे फार गोंधळ होणार नसेल तर जज सक्तीचा ट्रिगर स्टॅकवर टाकतात.