साहित्य सहवास : वांद्रे पूर्वेतली कवींची वसाहत

वांद्रे पूर्वेच्या साहित्य सहवासचं नाव निघालं की आज बहुतेकांना सचिन तेंडुलकर आठवतो. पण सचिन तिथं वाढला तो कवीचा मुलगा म्हणून. वडील रमेश तेंडुलकर कवी होते आणि दादरच्या कीर्ती महाविद्यालयात मराठी शिकवत. घर लेखकांच्या वसाहतीत होतं ते त्यामुळेच.

स्वातंत्र्यानंतरच्या मुंबईत लिहिणारी माणसं बहुतेक नोकरदार. कुणी कॉलेजात, कुणी वर्तमानपत्रात. शहरात पागडी मोजून ऐसपैस जागा घेणं त्यांना झेपणारं नव्हतं. मग मार्ग उरला सहकाराचा : संस्था नोंदवायची, जमीन मिळवायची, सभासदांनी मिळून इमारती उभ्या करायच्या. १९६०च्या दशकात साहित्य सहवास असंच उभं राहिलं. जवळच कलावंतांचं कलानगर आणि पत्रकारांचं पत्रकारनगर. आज शेजारी वांद्रे-कुर्ला संकुल आहे. तेव्हा तिथं मिठी नदीकाठची दलदल होती.

इमारतींची नावंही लेखकांनाच सुचावीत अशी. 'झपूर्झा' केशवसुतांची, 'फुलराणी' बालकवींची, 'शाकुंतल' कालिदासाचं. रस्त्याला नाव मधुसूदन कालेलकरांचं, 'निंबोणीच्या झाडामागे' लिहिणाऱ्यांचं. टपाल्यालाही इथं कवितेची नावं वाचतच फिरावं लागतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

विंदा करंदीकर इथलेच रहिवासी. देवगड तालुक्यातल्या धालवलीचे विंदा मुंबईत इंग्रजीचे प्राध्यापक होते. वसंत बापट आणि मंगेश पाडगांवकर यांच्यासोबत गावोगाव काव्यवाचन करून त्यांनी मराठी कविता हजारोंच्या कानांवर घातली. २००३ सालचं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. खांडेकर आणि कुसुमाग्रजांनंतर मराठीतले ते तिसरे मानकरी.

मला मात्र सगळ्यांत मोलाचं वाटतं ते 'शाकुंतल'मधलं धर्मवीर भारतींचं घर. भारती अलाहाबादचे. १९६० मध्ये 'धर्मयुग' या हिंदी साप्ताहिकाचे संपादक म्हणून मुंबईत आले, तेव्हा 'अंधा युग' आणि 'कनुप्रिया' ही दोन्ही काव्यं प्रसिद्ध झालेली होती. एवढा मोठा हिंदी कवी मराठी लेखकांचा शेजारी झाला. पुढे १९८७ पर्यंत त्यांनी 'धर्मयुग' सांभाळलं आणि १९९७ मध्ये वारले तेही मुंबईतच. मराठी कवितेचा इतिहास लिहिताना आपण साहित्य सहवासची नोंद घेतो. हिंदी कवितेच्या इतिहासातही या पत्त्याला जागा आहे.